न उघडलेलं गाठोडं

नाकेबाईंच्या हातून चूक झाली, ही बातमी लॅबमध्ये सकाळच्या चहाच्या आधी पोचली आणि चहापेक्षा गोड लागली. खोटं कशाला बोलायचं? भट्टीवाला हसला. प्लॅस्टरच्या टेबलावरच्या पोरींनी एकमेकींना कोपरं मारली. आणि दातांना रंग देणारा रंगवाला, जो कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तोसुद्धा ब्रश पुसता पुसता म्हणाला, "चला, म्हणजे बाईही माणूसच निघाल्या."

तशी वेळ बाईंनीच आणली होती म्हणा. लॅब होती कृत्रिम दातांची. कवळ्या, कॅपा, पडलेल्या दातांच्या जागी बसवायचे पूल, सगळं तिथं व्हायचं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, आणि तो ठसा लॅबच्या दारातून आत आला की पहिला थांबा बाईंच्या टेबलाशी. जकात नाक्यावरून ट्रक सुटेल एक वेळ, बाईंच्या टेबलावरून चुकीचा ठसा सुटायचा नाही. म्हणून नाव नाकेबाई. डबा उघडून, ठसा उजेडात धरून त्या सांगायच्या, "हा ओढून काढलाय. डॉक्टरांना म्हणावं, पेशंटला परत बोलवा, आणि या खेपेला घाई करू नका." डॉक्टर चिडायचे, मग परत बोलवायचे.

कामाला सोनं, पण जिभेला विस्तव. एकदा एका नव्या पोरीनं वरच्या जबड्याची चिठ्ठी खालच्या जबड्याला लावली. सगळ्यांच्या देखत बाईंनी तिला विचारलं, "घरी चपला पायातच घालतेस ना गं? का हातात?" पोरगी संडासात जाऊन रडली. बाईंना वाटलं, आता जन्मात विसरणार नाही. खरंच विसरली नाही. आता तीच पोरगी प्लॅस्टरच्या टेबलाची प्रमुख होती, आणि त्या सकाळी सगळ्यात आधी कोपर तिनंच मारलं.

पुढे बरेचसे डबे गेले. डॉक्टर पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवायला लागले आणि अख्खा जबडा फाईल होऊन यायला लागला. ह्या फाईली अवजड, मेलमधून जायच्या नाहीत. मग डॉक्टर त्या झिप करून, म्हणजे कपडे गुडघ्यानं दाबून बॅगेत कोंबतात तशा दाबून पाठवायचे. बाई त्याला गाठोडं म्हणायच्या. गाठोडं आलं की सोडायचं, आतला जबडा नीट आहे ना बघायचं, पेशंटचं नाव घालायचं आणि डिझाइनवाल्या मुलाकडे सरकवायचं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाई हे सगळं शिकल्या. कुणी शिकवलं? त्यांच्या धाकट्या भावानं.

धाकटा म्हणजे शेंडेफळ. तो जन्मला तेव्हा बाई परकर-पोलक्यातून बाहेर पडत होत्या. आई आजारीच, तेव्हा त्याला न्हाऊ-माखू घालणं, त्याचा अभ्यास घेणं, त्याची खोटं बोलून आणलेली भांडणं निस्तरणं, सगळं ताईकडे. त्यानं काच फोडायची आणि ताईनं शेजाऱ्यांची बोलणी खायची. पुढे तो कॉम्प्युटरचं शिकला, दुकानांची, दवाखान्यांची मशीनं सांभाळायला लागला, तेव्हा बाईंनीच मालकांकडे शब्द टाकला. लॅबचे सगळे कॉम्प्युटर त्याच्या हाती आले. बाईंची छाती वीतभर फुगली. जो माणूस दुसऱ्यांच्या चुका मोजण्यात हयात घालवतो, त्याला आपल्या माणसाची एकही दिसत नाही, हे काही नवीन नाही.

धाकट्यानं बाईंना एकच नियम घालून दिला होता. "ताई, ओळखीच्या डॉक्टरांचं गाठोडं बिनधास्त सोड. अनोळखी आलं तर हात लावायचा नाही. माऊसचं उजवं बटण दाबायचं आणि राखणदाराला सांगायचं, तपास." राखणदार म्हणजे व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम. तो गाठोडं तपासणार, ठीक असेल तर सोडणार, नसेल तर बोंब मारणार. बाईंनी हा नियम असा पाळला की एकदा मालकांच्या मेव्हण्यानं सहलीचे फोटो पाठवले, तेही तपासल्याशिवाय आत घेतले नाहीत. मालक म्हणाले, "अहो बाई, माझा मेव्हणा आहे तो." बाई म्हणाल्या, "म्हणूनच."

त्या दिवशी आलं ते गाठोडं एका डॉक्टरांच्या नावानं होतं. नाव ओळखीचं वाटत होतं, पण एक अक्षर इकडचं तिकडे. मजकूर, 'पेशंट खुर्चीत आहे, तातडीनं बघा.' बाईंनी चष्मा वर सरकवला. पेशंट खुर्चीत बसवून लॅबला मेल कोण करतं? त्यांनी ते उघडलं नाही. उजवं बटण दाबलं, राखणदाराला सांगितलं, तपास. पडदा किंचित लुकलुकला. राखणदार हो नाही की ना नाही. बाईंनी गाठोडं 'संशयित' नावाच्या कप्प्यात, धाकटा आला की बघेल म्हणून बाजूला ठेवलं, आणि पाण्याची बाटली भरायला उठल्या.

त्या परत आल्या तेव्हा डिझाइनवाला मुलगा उभा राहून ओरडत होता. त्याच्या डोळ्यांदेखत जबडे बंद होत होते. फाईलींची नावं बदलत चालली होती, एकही उघडेना, आणि शेवटी सगळ्या पडद्यांवर एकच निरोप आला, खंडणीचा. मालकांनी वायरी उपटायला लावल्या तोवर जायचं ते गेलं होतं. राखीव प्रतींची डिस्क होती, पण ती त्याच मशीनला कायमची जोडलेली, तीही गेली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथं झोपासुद्धा बैलाबरोबर गेला.

धाकटा धावत आला. बाईंच्या खुर्चीत बसून त्यानं दुपारभर त्यांचं मशीन तपासलं. बाई मागे उभ्या होत्या. "काय झालं रे?" त्यांनी दोनतीनदा विचारलं. तो "बघतोय" म्हणाला. मग मालकांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधीच, मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि अगदी शांतपणे, रागाचं नावही नाही, सांगितलं, "बाईंनी एक वाईट फाईल उघडली, त्यातून हे झालंय. मुद्दाम कुणी करत नाही. यावर लॅबमध्ये चर्चा नको."

"मी उघडली नाही," बाई म्हणाल्या.

"मशीन तसं सांगतंय," मालक म्हणाले आणि धाकट्याकडे बघितलं. धाकटा आपल्या बॅगेची चेन लावत होता. चेन अडकली होती बहुतेक. "ह्याच मशीनवर उघडली गेलीय," तो म्हणाला.

 धाकटा खोटं बोलतोय हे बाईंच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांना वाटलं, आपणच उघडली असेल. बोट चुकलं असेल. एकदाऐवजी दोनदा दाबलं गेलं असेल. घरी त्या जेवणाच्या टेबलावर बोट ठेवून बसायच्या, एकदा दाबायच्या, दोनदा दाबायच्या, आठवायचा प्रयत्न करायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोटं पकडणाऱ्या बाई आता स्वतःच्या बोटाकडे संशयानं बघत होत्या.

नवरा शाळेची बस चालवायचा. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते बसच्या हॉर्नसारखं, गरजेपुरतं. त्यानं हे बघितलं आणि म्हणाला, "तू उघडली नाहीस. तू माझ्या आईचं पत्रसुद्धा आधी पाकीट उजेडाला धरून वाचायचीस. तू काय उघडतेस."

त्याच संध्याकाळी धाकटा घरी आला. चप्पल दारात काढली, आत आला, आणि बसायच्या आधीच त्याचे डोळे भरले. "ताई, तू काही केलं नाहीस," तो म्हणाला.

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यांना इतकं हलकं वाटलं की राग यायचा राहूनच गेला. "मग?"

"राखणदारानं केलं."

त्यानं मग समजावून सांगितलं. बाईंना कळेल असं, प्लॅस्टरचं उदाहरण घेऊन. गाठोडं तपासायचं म्हणजे राखणदाराला ते आतल्या आत सोडावंच लागतं, न सोडता कळणार कसं? प्रत्येक गाठोड्यावर लिहिलेलं असतं, की मी सोडल्यावर एवढी जागा लागेल. राखणदार मेमरीत तेवढाच खण रिकामा करतो आणि त्यात ओतायला लागतो. ह्या गाठोड्यावरचं माप खोटं होतं. लिहिलेलं थोडं, आत भरलेलं भरमसाट. ओतता ओतता खण भरला आणि पुढचं शेजारच्या खणात गेलं.

"साचा भरल्यावरही प्लॅस्टर ओतत राहिलं तर शेजारच्या पेशंटच्या साच्यात जातं, तसं," धाकटा म्हणाला. "फक्त शेजारच्या खणात दुसऱ्याचा दात नव्हता. पुढे काय करायचं ह्याचे राखणदाराचे स्वतःचे हुकूम ठेवलेले असतात तिथं. ते पुसले गेले आणि त्या जागी चोराचे हुकूम बसले. राखणदार ते आपलेच समजून पाळायला लागला. आणि त्याच्याकडे तर सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," बाई म्हणाल्या.

"तसंच."

"पण राखणदार ओतताना माप बघत नाही? आपली प्लॅस्टरवाली पोरगीसुद्धा बघते."

"बघायला हवं होतं. ती चूकच होती त्या प्रोग्रॅममधली. जगभर कळली होती, दुरुस्तीही आली होती."

"आली होती?" बाईंचा आवाज खाली गेला. "कधी?"

 धाकटा म्हणाला, "बरेच दिवस झाले. अपडेट घ्यायचं म्हणजे सगळी मशीनं बंद करून परत चालू करायची. दात कोरायचं मशीन चालू असलं तर अर्धा दात वाया जातो. मागे एकदा तसं झालं तेव्हा मालक किती बोलले होते. म्हणून रोज विचारायचं ते, आत्ता का नंतर, आणि मी नंतर दाबायचो. सगळ्यांच्या वतीनं मीच दाबायचो, ताई. तुम्हा सगळ्यांच्या पडद्यावर ते यायचंसुद्धा नाही."

आणि मग तो जो रडला. मालकांना खरं कळलं तर मला काढतील, तो म्हणाला. ही गोष्ट फुटली तर बाकीची दुकानं, दवाखाने, सगळे तोडतील, ह्या धंद्यात एकदा नाव गेलं की गेलं. "तुला कुणी काही करणार नाही, तू इतकी जुनी. थोडे दिवस कळ काढ. सगळं मार्गी लागू दे, मी स्वतः मालकांना सांगतो. तुझ्या गळ्याची शपथ."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होत्या? त्याची पहिली काच फुटली तेव्हापासून तो हात तिथंच जात आला होता. त्यांनी सगळं पोटात घातलं. धाकटा डोळे पुसून, जेवून गेला. नवरा इतका वेळ वर्तमानपत्राआड होता. तो पेपर खाली न करताच म्हणाला, "त्यानं रडायचं आणि तू गप्प बसायचं, हे तो चालायला लागल्यापासून चाललंय." बाई म्हणाल्या, "आपलेच दात, आपलेच ओठ." त्यानं पान उलटलं.

गप्प बसणं एक वेळ सोपं असतं. बाईंना नुसतं गप्प बसायचं नव्हतं, बोलायचं होतं. मालकांनी ठरवलं की सगळ्या डॉक्टरांना फोन बाईंनीच करायचे, ज्यांच्या हातून झालं त्यांनीच सांगितलेलं बरं दिसतं. मग बाई फोन लावायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टर, माझ्या चुकीमुळे तुमच्या पेशंटचे स्कॅन गेले, पुन्हा घ्यावे लागतील." पहिल्या फोनला जीभ टाळूला चिकटली. नंतर नंतर ते वाक्य आपोआप यायला लागलं. ज्यांच्या ठशांना बाईंनी नावं ठेवली होती, त्या डॉक्टरांनी हिशेब चुकता केला. एक म्हणाले, "घाई केलीत वाटतं बाई?" बाई म्हणाल्या, "हो." समोरच्या टेबलावर प्लॅस्टरवाल्या पोरी कान टवकारून काम करत होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि इथं तर तोंडही आपल्याच हातानं दाबलेलं.

बहुतेकांचं काही बिघडलं नाही. पेशंट कुरकुरत परत आले, पुन्हा तोंड उघडून बसले. पण एक पेशंट परत येऊ शकत नव्हता. म्हणजे माणूस होता, जबडा नव्हता. त्याच्या जबड्यात गाठ झाली होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मुद्दाम त्याच्या दातांचा स्कॅन घेऊन लॅबला पाठवला होता, की पुढे नवे दात करताना अगदी त्याचे स्वतःचे होते तसेच करता यावेत. दवाखान्यानं आपल्याकडची फाईल पुसून टाकली होती, कारण लॅब सगळं जपून ठेवते, असा सगळ्यांचा रिवाजच पडला होता. आता अर्धा जबडा कापून गेला होता आणि त्याचे दात जगात कुठंच नव्हते. हे कळलं तेव्हा बाईंना पहिल्यांदा वाटलं, आता पुरे. त्यांनी धाकट्याला गाठलं. "आता तरी सांग." तो म्हणाला, "आता तर मुळीच नाही ताई. हे केवढ्याला पडेल कळतंय का तुला? जरा थंड होऊ दे." बाईंनी ते थंड व्हायची वाट बघितली.

थंड व्हायच्या ऐवजी त्या पेशंटची बायको आली. साधीशी बाई, हातात कापडी पिशवी, केस अर्धे पांढरे. तिनं दारातच विचारलं, "फाईल उघडली त्या बाई कुठं बसतात?" लॅबमधली सगळी डोकी एकदम खाली गेली. रंगवाल्यानं तेवढं हातानं दाखवलं. बाईंच्या टेबलाखाली त्या वेळी धाकटा पालथा पडून नव्या राखणदारासाठी वायरी बदलत होता. त्याचे पाय बाहेर दिसत होते.

बाईंनी खुर्ची पुढे केली. ती बसली. "मी भांडायला आलेले नाही," ती म्हणाली. "मला फक्त तुम्हाला बघायचं होतं."



"त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती," ती सांगायला लागली. "त्यावरून मी त्यांना इतकी चिडवायचे, की फोटो काढताना ते तोंड मिटूनच घ्यायचे. त्यामुळे एका फोटोत दात नाहीत बघा. आता डॉक्टर म्हणतात, सुंदर दात बसवू. ह्यांना सुंदर नकोत. ह्यांना ती फट हवीय. मी डॉक्टरांना बोटानं दाखवते, एवढी होती, एवढी. पण एवढी म्हणजे केवढी, ते मला तरी कुठं नीट सांगता येतंय."

 टेबलाखाली वायरीची खुडबुड थांबली होती. बाईंना वाटलं, आता तो बाहेर येईल. आता येईल. त्यांनी मुद्दाम काही क्षण जाऊ दिले.

"पहिले काही दिवस मी तुम्हाला फार शिव्या दिल्या," ती बाई म्हणाली. "मग ह्यांनीच पाटीवर लिहून दाखवलं, त्या बाईंना झोप लागत नसेल. बोलता येत नाही ना अजून त्यांना. म्हणून आले. चूक माणसाकडूनच होते हो. आम्ही तुम्हाला माफ केलंय. मनाला लावून घेऊ नका." आणि तिनं बाईंच्या हातावर हात ठेवला.

टेबलाखाली खुडबुड पुन्हा सुरू झाली. बाईंनी ती ऐकली. "बरं," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. ती बाई पिशवी उचलून गेली, जाताना दार हळू लोटून घेतलं. धाकटा टेबलाखालून बाहेर आला, गुडघे झटकले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं ताई. मिटलं एकदाचं."

बाई उठल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, खूप वेळ. ज्याला न्हाऊ घालताना साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरायचा, तो हाच का, असं बघितलं. मग सरळ मालकांच्या खोलीत गेल्या.

जाताना मनाशी वाक्यं जुळवली होती. भावाला काढू नका, त्याला पोरंबाळं आहेत, हवं तर मी नोकरी सोडते, पण त्या पेशंटला खरं कळू द्या. मालक कवळीचा एक नमुना हातात घेऊन बघत होते. बाई उभ्यानंच बोलल्या, "साहेब, ती फाईल मी उघडली नव्हती. राखणदाराची दुरुस्ती घ्यायची राहिली होती. माझ्या भावाकडून."

मालकांनी नमुना खाली ठेवला. "बसा बाई. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. पहिल्याच दिवशी सांगितलं त्यानं मला, ह्याच खोलीत. मुलगा प्रामाणिक आहे, काही लपवलं नाही. मीही त्याला बोललो नाही, कारण काम चालू असताना मशीनं बंद करू नकोस, असं मीच बजावलं होतं."

बाई बसल्या.  "मग माझं नाव का घेतलंत?"

"डॉक्टर काय विचारतात? कसं झालं. एका बाईंनी चुकून फाईल उघडली म्हटलं की विषय संपतो, त्यांच्याकडेही अशा बाई असतातच. लॅबनं दुरुस्ती घेतलीच नव्हती म्हटलं की विषय सुरू होतो. तुमचाही पगार ह्याच लॅबमधून निघतो ना?" मालक समजूत घालावी तसे बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की ते समजूत घालतायत.

"पण माझंच का?"

मालकांनी नमुना पुन्हा हातात घेतला. "मी डिझाइनवाल्या मुलाचं नाव सांगणार होतो. तो नवा आहे, त्याला काही फरक पडला नसता. तर तुमचा भाऊ म्हणाला, तो पोरगा भांडेल, चार ठिकाणी बोलेल. ताईचं सांगा. ताई बोलणार नाही, ते मी बघतो."

ते मी बघतो. बाईंना ती संध्याकाळ दिसली. दारात काढलेली चप्पल, भरलेले डोळे, गळ्याची शपथ. तो रडायला आला नव्हता, कुलूप लावायला आला होता. इतके दिवस त्या भावाला ज्या माणसापासून वाचवत होत्या, तो माणूस भावाच्या शेजारी बसून आधीच सगळं ठरवून मोकळा झाला होता. फोनवर फोन केले, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, पोरींचं हसणं गिळलं, ते सगळं कुणासाठी? कुणाहीसाठी नाही. केसानं गळा कापला, आणि कापताना बाईंनीच मान पुढे केली.

बाई बाहेर आल्या. धाकटा बॅग भरत होता. त्यांचा चेहरा बघून त्याला कळलं असावं, कारण तो "ताई," म्हणाला आणि थांबला. बाईंनी त्याच्याकडे न बघता खुर्ची ओढली आणि फोन लावला. त्या पेशंटच्या घरी. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

"मी लॅबमधून बोलतेय, मघाची. तुम्ही मला माफ केलंत ना, ती माफी परत घ्या. ती माझ्या नावाची नाही. फाईल मी उघडलीच नव्हती. माझ्या भावानं कॉम्प्युटरची दुरुस्ती टाळली, त्यानं झालं. मालकांनाही माहीत होतं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

 ती बाई म्हणाली, "भाऊ म्हणजे टेबलाखाली वायरी जोडत होता, तो?"

"हो."

"मग तो तिथं असताना का नाही बोललात?"

बाईंनी तोंड उघडलं. ह्याचं उत्तर द्यायचं तर काच फुटली तिथपासून सुरुवात करावी लागली असती. "तेव्हा मला वाटलं," त्या म्हणाल्या आणि अडखळल्या.

"मी हात धरला तुमचा," ती बाई म्हणाली.  "ह्यांनी तुमची बाजू घेतली, घास गिळता येत नाही त्या माणसानं. आणि मी घरी पोचते न पोचते तोच तुम्ही भावाच्या अंगावर ढकलून मोकळ्या? उद्या मालकांवर ढकलाल. अहो, चूक केलीत ते मी समजू शकत होते. मी तुम्हाला सरळ समजले होते."

"अहो, ऐका, मी खरं..."

फोन बंद झाला होता. बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. प्लॅस्टरच्या टेबलावरून कुणीतरी कुणाला तरी पुरेशा मोठ्यानं म्हणालं, "आता सख्ख्या भावालाच पुढं करतायत." रंगवाल्यानं ब्रश पाण्यात बुडवला. धाकट्यानं बॅगेची चेन लावली, या वेळी ती एका झटक्यात लागली, आणि तो कुणाशी न बोलता निघून गेला.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. त्यांचं बाकी काही कुणी ऐकलं नाही. माफी मात्र त्या पेशंटच्या बायकोनं परत घेतली.